उडीचा सराव आणि दोन पायांतला फरक : एका 'रशियन' व्यायामाची गोष्ट



भरतीची जाहिरात निघाली की आमच्या सिरसाळ्यातल्या दवाखान्यात गुडघ्यांची गर्दी होते. पहाटे पाचला रस्त्याच्या कडेने धावणारी आणि संध्याकाळी शाळेच्या मैदानावर नाहीतर मोकळ्या वावरात उड्या मारणारी ही मुलंमुली. आपली काळी माती पावसाळा संपला की वाळून दगडासारखी होते. त्या मातीवर रोज पन्नास-शंभर उड्या.

मागच्या हिवाळ्यात असाच एक मुलगा आला. वय एकोणीस-वीस, अंगाने काटक, सैन्यभरतीची तयारी करणारा. सैन्याच्या मैदानी चाचणीत नऊ फुटांचा खड्डा उडी मारून पार करावा लागतो, त्याचा सराव चालू होता. म्हणाला, "सर, पायऱ्या उतरताना उजवा गुडघा दुखतोय. उडी मारून पाय टेकला की सटकल्यासारखं होतंय." मी टेपने दोन्ही मांड्या मोजल्या. उजवी मांडी डावीपेक्षा दोन सेंटिमीटर बारीक भरली. त्याला पत्ताच नव्हता. खोदून विचारल्यावर आठवलं : सहा महिन्यांपूर्वी पडला होता, गुडघा सुजला होता, तेल चोळून आठ-दहा दिवसांत सूज उतरली, मग परत धावायला सुरुवात.

"व्यायाम कोणते करतोस?" तर मोबाइलवर बघून तो कमरेएवढ्या ओट्यावरून खाली उडी घ्यायचा आणि पाय टेकताक्षणी पुन्हा वर उसळायचा. रोज. "रशियन व्यायाम आहे सर," तो जरा अभिमानाने म्हणाला.

खरंच आहे, व्यायाम रशियनच आहे. पण तो ज्याने बसवला, त्याने त्यासोबत बऱ्याच अटी घातल्या होत्या. व्हिडिओत उडी आली, अटी मागेच राहिल्या. हा लेख त्या अटींबद्दल आहे, आणि त्या मुलाच्या बारीक झालेल्या मांडीबद्दल.

आपल्याकडची उडी

उडी आपल्याला नवी नाही. आखाड्यात बैठका आहेत, मल्लखांब आहे, मैदानात खो-खो आहे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ च्या सुमारास खो-खोचे नियम बांधायला घेतले. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ जगाला करून दाखवले. खो-खोत पाठलाग करणारे एकाआड एक उलट दिशांना तोंड करून बसतात. त्यामुळे उकिडव्या बसण्यातून उठून, वळून, दोन्ही बाजूंना झेपावं लागतं. पायांसाठी याहून चांगली शाळा मला तरी माहीत नाही.

आखाड्यातली बैठक मात्र दोन पायांवरची. पहिलवान पाचशे बैठका मारतो, हजार मारतो, पण त्या हजारांत डाव्या पायाने किती भार उचलला आणि उजव्याने किती, हे बैठकांच्या आकड्यावरून कधीच कळत नाही. दुखरा किंवा कच्चा पाय असेल तर शरीर गुपचूप चांगल्या पायावर भार टाकतं. बघणाऱ्याला कळत नाही, आणि करणाऱ्यालाही कळत नाही. माझ्या दवाखान्यातल्या मुलानेही मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं की तो दोनशे बैठका सहज मारतो. मारत असेलही. मी त्याला खुर्चीवर बसवून एका पायावर उठायला सांगितलं. डाव्या पायावर तो उठला, उजव्या पायावर उठता आलं नाही.

बेचकीचं रबर

उडीचा शास्त्रीय अभ्यास सुरू झाला पॅरिसमध्ये. एतिएन-ज्यूल मॅरे हा फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ हालचालींचे एकामागून एक फोटो टिपण्यासाठी प्रसिद्ध आहे. सिनेमाच्या पूर्वजांत त्याचं नाव घेतात. त्याने आणि त्याचा सहकारी देमनी याने १८८५ मध्ये माणसाच्या उडीवर लिहिलं. त्यात एक निरीक्षण होतं : एका उडीवरून उतरून लगेच दुसरी उडी घेतली तर ती जास्त जाते.

पुढे १९२१ मध्ये अमेरिकेतले डॉ. डडली सार्जंट यांनी जागेवरून उंच उडी हीच माणसाच्या ताकदीची चाचणी म्हणून मांडली. भिंतीजवळ उभं राहून हात वर करून खूण करायची, मग उडी मारून जास्तीत जास्त वर खूण करायची आणि दोन खुणांमधलं अंतर मोजायचं. आजही शारीरिक शिक्षणाचे सर ही चाचणी घेतात. तिला यंत्र लागत नाही, खडू पुरतो.

पण लगेचची दुसरी उडी जास्त का जाते, याचं उत्तर यायला १९६० चं दशक उजाडलं. इटलीत मिलानमध्ये मार्गारिया आणि कवान्या यांच्या गटाने दाखवून दिलं की आकुंचन पावण्याच्या अगदी आधी स्नायू ताणला गेला, तर तो जास्त काम करतो. लहानपणी बेचकी खेळला असाल तर हे वेगळं सांगायला नको. रबर ताणल्याशिवाय खडा लांब जात नाही. आपल्या टाचेमागची जाड दोरी आणि गुडघ्याच्या वाटीखालची दोरी, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या कंडरा, या रबरासारख्या ताणल्या जातात आणि ती ताकद परत देतात. एक फरक आहे. बेचकी ताणून धरून तुम्ही मिनिटभर नेम धरू शकता. पायाच्या बाबतीत ताण आणि उसळी यांत वेळ गेला की फायदा निघून जातो.

गुडघा चांगला असेल तर हे घरी करून बघता येईल. गुडघे वाकवून तसंच दोन-तीन सेकंद थांबा आणि मग उडी मारा. आता सरळ उभं राहून झटकन खाली वाकून लगेच उडी मारा. दुसरी उडी बहुतेकांची थोडी जास्त जाते. गुडघा दुखत असेल तर प्रयोग करू नका, माझ्यावर विश्वास ठेवा.

मॉस्कोतला हिवाळा

आता त्या रशियन माणसाकडे येऊ. युरी वेर्खोशान्स्की १९५० च्या दशकाच्या शेवटी मॉस्कोत उड्या मारणाऱ्या खेळाडूंचे प्रशिक्षक होते. तिथला हिवाळा म्हणजे बाहेर बर्फ. आतल्या जागेत ते खेळाडूंकडून खांद्यावर जड वजनं घेऊन बैठका करून घेत. ताकद वाढायची, पण पाठी दुखायच्या. त्यांचं लक्ष तिहेरी उडीकडे गेलं. तिहेरी उडीत मधल्या टप्प्यांना खेळाडू एकाच पायावर येऊन पडतो आणि त्याच पायावरून परत उसळतो. त्या क्षणी त्या एका पायावर शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट जोर येतो. खांद्यावर एवढं वजन कुणी पेलू शकणार नाही. मग वजन खांद्यावर ठेवण्याऐवजी खेळाडूलाच उंचावरून खाली उतरवलं तर? जमिनीवर पाय आदळताना स्नायूंना जो धक्का बसेल, तेच वजन.

या पद्धतीला त्यांनी धक्का पद्धत असं नाव दिलं आणि १९६० च्या दशकात तिच्यावर लिहिलं. लक्षात घ्या, ते स्वतः 'धक्का' म्हणत होते. धक्का रोज देत नाहीत. आठवड्यातून एकदा-दोनदा, एका वेळी फार तर चाळीसेक उड्या, आणि त्याही वर्षानुवर्षं ताकदीचा पाया घातलेल्या तयार खेळाडूंसाठी, हंगामाच्या ठरावीक भागात. नवख्यांसाठी साध्या उड्या, दोरीवरच्या उड्या, वजनाचे व्यायाम आधी. हे सगळं त्यांनी लिहून ठेवलं होतं.

१९७२ ला म्युनिक ऑलिंपिकमध्ये सोव्हिएत संघाचा व्हॅलेरी बोर्झोव्ह १०० आणि २०० मीटर या दोन्ही शर्यती जिंकला. वेगाची शर्यत म्हणजे अमेरिकेची मक्तेदारी, असं तोवर धरून चाललेलं. आता पूर्व युरोपातले खेळाडू नेमकं करतात तरी काय, याची पश्चिमेला उत्सुकता लागली. स्पर्धेआधी हे लोक अंग गरम करताना नुसते ताण न देता उड्या मारतात, हे फ्रेड विल्ट या अमेरिकन माणसाच्या नजरेत भरलं होतं. विल्ट स्वतः दोन ऑलिंपिक धावलेला लांब पल्ल्याचा धावपटू, आणि नोकरी एफबीआयमध्ये! पाळत ठेवण्याची सवय कामी आली असावी. १९७५ मध्ये त्याने या उड्यांच्या सरावाला 'प्लायोमेट्रिक्स' हे नाव दिलं. आज जिममध्ये पोरं 'प्लायो' म्हणतात ते हेच.

नाव मिळालं आणि व्यायाम जगभर पसरला. औषधांच्या बाबतीत आम्ही हे पुष्कळदा बघतो. औषधाचं नाव गावभर होतं, पण मात्रा किती घ्यायची आणि कुणी घ्यायचं नाही, हे चिठ्ठीवरच राहतं. अमेरिकेतल्या प्रशिक्षकांनीही पुढे इशारे दिले. उंचावरून उतरायच्या उड्या करण्याआधी खेळाडूला स्वतःच्या वजनाच्या दीडपट वजन खांद्यावर घेऊन एक बैठक मारता यावी, असा एक नियम बरीच वर्षं सांगितला जायचा. नियम थोडा जास्तच कडक होता आणि आज तो तसाच्या तसा कुणी पाळत नाही, पण त्यामागचा हेतू बरोबर होता. आधी पाया घाला, मग धक्के द्या.

दुसरा पाय

इथवर झाली उडीची गोष्ट. दोन पायांतल्या फरकाची गोष्ट वेगळ्या वाटेने आली, खेळाच्या मैदानातून नाही तर दवाखान्यातून.

१९६५ मध्ये संधिवाताच्या काही डॉक्टरांनी एक साधा प्रयोग केला. गुडघ्याच्या सांध्यात त्यांनी थोडा द्रव भरला आणि मांडीच्या पुढच्या स्नायूचं काम मोजलं. सांधा फुगला तसा स्नायू ढिला पडला. दुखत नसतानाही! सुजलेला गुडघा पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूकडे निरोप पाठवतो, आणि तिथून मांडीच्या स्नायूला हुकूम जातो की जरा कमी काम कर. आपल्या इच्छेचा यात काही संबंध नाही. त्यामुळे गुडघा सुजला की मांडी काही दिवसांतच बारीक व्हायला लागते. सूज उतरली तरी स्नायू आपोआप पहिल्यासारखा होत नाही. त्याला पुन्हा कामाला लावावं लागतं. माझ्याकडे आलेल्या मुलाचं नेमकं हेच झालं होतं. त्याचे लिगामेंट, म्हणजे सांधा बांधून ठेवणारे पट्टे, तपासणीत शाबूत निघाले. सटकल्यासारखं वाटत होतं ते स्नायू वेळेवर धरत नव्हता म्हणून.

फरक असतो हे कळलं, पण मोजायचा कसा? १९६७ च्या सुमारास जेम्स पेरीन या अमेरिकन अभियंत्याच्या यंत्राने ही सोय केली. माणूस खुर्चीवर बसून पाय जीव खाऊन पुढे-मागे ढकलतो, यंत्र पायाला ठरावीक वेगापुढे जाऊ देत नाही आणि त्याने लावलेला जोर नोंदवतं. डाव्या पायाचा एक आकडा, उजव्याचा एक. आता तुलना करता आली.

लगेच १९७० मध्ये बर्केट या संशोधकाने मांडलं की दोन पायांच्या मांडीमागच्या स्नायूंत, म्हणजे हॅमस्ट्रिंगमध्ये, दहा टक्क्यांहून जास्त फरक असेल तर कमजोर बाजूचा स्नायू भरण्याचा किंवा फाटण्याचा धोका असतो. हा दहा टक्क्यांचा आकडा तेव्हापासून आमच्या पुस्तकांत ठाण मांडून बसला आहे. १९९१ मध्ये १३८ महाविद्यालयीन खेळाडू मुलींच्या अभ्यासात पंधरा टक्क्यांचा फरक असलेल्या मुलींना पायाच्या दुखापती जास्त झालेल्या दिसल्या. २००८ मध्ये व्यावसायिक फुटबॉलपटूंचा एक मोठा अभ्यास आला. त्यात स्नायूंची ताकद असमतोल असून ती दुरुस्त न केलेल्या खेळाडूंना हॅमस्ट्रिंगच्या दुखापतीचा धोका समतोल असलेल्यांच्या साडेचार पटींहून अधिक निघाला, आणि व्यायामाने समतोल परत आणलेल्यांचा धोका कमी झाला.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण २०१६ मध्ये कतारमधल्या ६१४ फुटबॉलपटूंचा चार वर्षांचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि त्याने सगळ्यांना जमिनीवर आणलं. यंत्रावरच्या आकड्यांचा आणि दुखापतींचा संबंध होता, पण इतका बारीक की आकडे बघून 'हा खेळाडू जायबंदी होणार' असं सांगता येत नव्हतं.

माझं मत विचाराल तर या दोन्हींत विरोध नाही. धडधाकट खेळाडूच्या दोन पायांत थोडा फरक असणारच. आपण कुठे दोन्ही हातांनी लिहितो? नाशिक जिल्ह्यातल्या देवरगावचा सर्वेश कुशारे उंच उडीत २०२५ च्या टोकियोतल्या जागतिक स्पर्धेत २.२८ मीटर उडी मारून सहावा आला. उंच उडीत जमीन सोडताना एकच पाय वापरायचा असा नियमच आहे, आणि खेळाडू तो पाय सहसा बदलत नाही. वर्षानुवर्षं असा सराव करणाऱ्याचे दोन पाय अगदी सारखे निघाले तर मलाच नवल वाटेल. त्यामुळे फरक दिसला की घाबरायचं नाही. पण गुडघ्याची दुखापत होऊन गेली आहे, सूज येऊन गेली आहे, आणि नेमका तोच पाय कच्चा निघाला, तर मात्र ती गोष्ट वेगळी. तिथे फरक म्हणजे सवय नव्हे, अर्धवट राहिलेला उपचार.

उडी जिथे औषध झाली

या दोन गोष्टी एकत्र आल्या त्या अमेरिकेत सिनसिनाटीमध्ये, आणि त्या मुलींमुळे. व्हॉलीबॉल, बास्केटबॉल, फुटबॉल खेळणाऱ्या मुलींच्या गुडघ्यातला एसीएल हा महत्त्वाचा पट्टा मुलांपेक्षा जास्त प्रमाणात तुटत होता. बहुतेक वेळा कुणी धक्काही मारलेला नसे. मुलगी उडीवरून खाली येते, गुडघा आत वळतो आणि 'कट्' आवाज होतो. तिमथी ह्युएट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये व्हॉलीबॉल खेळणाऱ्या ११ शाळकरी मुलींना सहा आठवडे उड्यांचा सराव दिला. पण हा सराव वेर्खोशान्स्कींच्या धक्क्यासारखा नव्हता. भर होता उतरण्यावर. आवाज न करता उतरा, गुडघे वाकवून उतरा, गुडघे एकमेकांकडे झुकू देऊ नका.

सहा आठवड्यांनंतर जमिनीवर येताना बसणारा जोर २२ टक्क्यांनी घटला. दोन पायांच्या हॅमस्ट्रिंगमधला फरकही भरून निघाला. उडीची उंची तर वाढलीच, सुमारे दहा टक्क्यांनी. अकरा मुलींचा अभ्यास म्हणजे लहानच. म्हणून १९९९ मध्ये त्यांनी बाराशेहून अधिक शाळकरी खेळाडूंचा हंगामभर मागोवा घेतला. सराव न केलेल्या मुलींत गुडघ्याच्या गंभीर दुखापतींचं प्रमाण सराव केलेल्यांच्या ३.६ पट होतं.

मला या इतिहासातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच वाटते. पंचाहत्तर-ऐंशी वर्षं सगळ्यांचं लक्ष उडी किती वर जाते याकडे होतं. उतरण्याकडे कुणी बघत नव्हतं. आणि गुडघा तर बहुतेक वेळा उतरतानाच जातो. आमच्याकडच्या मुली आता भरतीसाठी मोठ्या संख्येने मैदानावर उतरतात. त्यांना आठशे मीटरची वेळ सगळे सांगतात. उडीवरून कसं उतरायचं हे कुणी शिकवल्याचं माझ्या कानावर नाही.

मांडव्याचा अविनाश

आपल्या बीड जिल्ह्यात पायांवरच्या या जोराची गोष्ट करायची तर अविनाश साबळेशिवाय होणार नाही. परळी तालुका जिल्ह्याच्या एका टोकाला, आणि आष्टी तालुक्यातलं त्याचं मांडवा गाव दुसऱ्या टोकाला. आई-वडील वीटभट्टीवर राबलेले. बारावीनंतर तो सैन्यात महार रेजिमेंटमध्ये गेला, धावायला लागला तो तिथे. त्याचा प्रकार ३००० मीटर स्टीपलचेस, म्हणजे अडथळ्यांची शर्यत. २०१८ मध्ये त्याने गोपाल सैनींचा १९८१ पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत त्याचं सुवर्णपदक ०.०५ सेकंदांनी हुकलं. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण, पॅरिस ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत अकरावा.

या शर्यतीत २८ अडथळे आणि ७ पाण्याच्या उड्या असतात. एकूण पस्तीस वेळा जमीन सोडायची आणि पस्तीस वेळा एका पायावर उतरायचं, तेही दमलेल्या पायांनी, आजूबाजूला दहा-पंधरा जणांची रेटारेटी असताना. पुरुषांचा अडथळा ९१.४ सेंटिमीटरचा असतो, टेबलापेक्षा उंच, आणि धक्का लागला तरी पडत नाही. बहुतेक धावपटूंचा पुढे टाकायचा पाय ठरलेला असतो. दुसऱ्या पायानेही जमवणारा चांगला, कारण गर्दीत पावलं मोजायला वेळ मिळत नाही.

जुलै २०२५ मध्ये मोनॅकोच्या डायमंड लीगमध्ये पाण्याच्या उडीजवळ साबळेचा गुडघा दुखावला. एसीएल आणि गुडघ्यातली गादी दोन्हीला इजा झाली, शस्त्रक्रिया करावी लागली आणि सप्टेंबरची टोकियोतली जागतिक स्पर्धा हुकली. त्यानंतर कितीतरी जणांनी मला विचारलं, 'डॉक्टर, त्याचा पाय कमजोर होता का?' असं म्हणणं त्याच्यावर अन्याय आहे. शर्यतीच्या गर्दीतला तो अपघात होता आणि जगातल्या सगळ्यात तयार पायालाही तो होऊ शकतो.

दोन पायांतल्या फरकाचा खरा प्रश्न येतो तो अशा शस्त्रक्रियेनंतर. एसीएल नवीन बसवल्यावर खेळाडू परत कधी उतरू शकतो? पूर्वी कॅलेंडर बघून सांगत. सहा महिने झाले, जा. १९९० च्या आसपास अमेरिकेतल्या नॉयस यांच्या गटाने एका पायावर उडी मारून अंतर मोजायच्या चाचण्या रूढ केल्या. दुखऱ्या पायाची उडी चांगल्या पायाच्या किमान ८५ टक्के तरी हवी, असं त्यांनी म्हटलं. आता ९० टक्के धरतात. २०१६ मध्ये नॉर्वे आणि अमेरिकेतल्या १०६ रुग्णांचा दोन वर्षांचा अभ्यास आला. ताकद आणि उडीचे निकष पूर्ण न करताच खेळात परतलेल्यांपैकी ३८ टक्क्यांचा गुडघा पुन्हा दुखावला. निकष पूर्ण करून परतलेल्यांत हे प्रमाण सहा टक्क्यांच्याही खाली होतं. नऊ महिन्यांपर्यंत परतणं जितके महिने लांबवलं, त्या प्रत्येक महिन्यागणिक धोका जवळपास निम्मा होत गेला.

या चाचणीतही एक गोम आहे. दुखापतीनंतर माणूस सहा महिने घरात बसतो तेव्हा चांगला पायही कमजोर होतो. मग कमजोर पायाची तुलना दुसऱ्या कमजोर पायाशी होते, आणि ९० टक्के सहज भरतात. २०१७ च्या एका अभ्यासाने हे नेमकं दाखवलं. म्हणून मी रुग्णांना शस्त्रक्रियेच्या आधीच, शक्य असेल तेव्हा, चांगल्या पायाचे आकडे लिहून ठेवायला सांगतो.

टेप आणि खडू

त्या मुलाकडे परत येतो. पेरीनचं यंत्र आमच्याकडे नाही, खडू आणि टेप आहे. सूज नव्हती, दुखणं कमी झालं होतं, तेव्हा तीन आठवड्यांनी त्याला दवाखान्यामागच्या अंगणात एका पायावर उडी मारायला लावली. ज्या पायावर उडी घ्यायची त्याच पायावर उतरायचं आणि दोन सेकंद न डगमगता उभं राहायचं. डगमगला तर उडी बाद. दोन-तीन वेळा करून सगळ्यात चांगली धरायची. डावा पाय १५० सेंटिमीटर, उजवा १०८. म्हणजे ७२ टक्के. (१०८ ला १५० ने भागून शंभराने गुणायचं.) सुजलेल्या, अडकणाऱ्या किंवा सटकणाऱ्या गुडघ्यावर ही चाचणी घरी करू नका, आधी डॉक्टरांना दाखवा.

ओट्यावरून उतरायच्या उड्या त्याच दिवशी बंद केल्या. त्याऐवजी खुर्चीवरून एका पायावर उठणं, आधी थोडा हाताचा आधार घेऊन. पायरीवरून हळू उतरणं. टाच वर-खाली करणं. भिंतीला पाठ लावून अर्धं बसणं. उड्या दीड महिन्याने, त्याही मऊ मातीवर, दोन्ही पायांनी, कमी उंचीच्या, आणि उतरताना आवाज ऐकू आला तर ती उडी मोजायची नाही. त्याला हे सगळं बायकी वाटलं, तसं तो तोंडावरच म्हणाला. मी त्याला साबळेच्या सरावातल्या एका पायावरच्या व्यायामांचे व्हिडिओ शोध म्हटलं, त्यानंतर कुरकुर थांबली.

आणखी एक गोष्ट लक्षात आली. तो खड्डा पार करताना नेहमी डाव्या पायाने झेप घ्यायचा आणि उजवा पाय पुढे टाकून उजव्यावरच उतरायचा. म्हणजे रोजच्या सगळ्या उड्यांचा पहिला भार नेमका कच्च्या पायावर. काही दिवस पाय उलटे कर म्हटलं. जमत नव्हतं, अंतर दोन फूट कमी पडायचं. तरी करत राहिला.

गेल्या आठवड्यात पुन्हा टेप लावला. उजवा पाय १३२ सेंटिमीटर, डावा १५२. ८७ टक्के झाले. मांडीतला फरक एक सेंटिमीटरवर आला आहे. मी आणखी दीड महिना सांगितला. त्याची भरती पुढच्या महिन्यात आहे आणि वयाची अट बघता त्याला ही शेवटचीच संधी. चिठ्ठी खिशात घालून तो गेला, पुढच्या सोमवारी परत बोलावलं आहे.